आमच्या घरांतला मंगळ

आमच्या पिढीला, म्हणजे साठच्या दशकात मराठी घरांत जन्मलेल्या पोरांना, मंगळ पहिल्यांदा भेटला तो दाते पंचांगात. नंतर वर्तमानपत्रात. आकाशात तो नेमका कुठला हे कळायला बरीच वर्षं जावी लागली.

पंचांगातला मंगळ घरात हळू आवाजात उच्चारला जाई. "मुलगी चांगली आहे हो, पण मंगळ आहे." या 'पण'नंतर चहाचे कप उचलले जात आणि पाहुण्यांना अचानक गाडीची वेळ आठवे. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ पडला की दोष. त्यात पुन्हा कडक आणि सौम्य. मग शांत करा, कुंभविवाह करा, नाहीतर मंगळाचाच मुलगा शोधा. बारापैकी पाच स्थानं धरली तर निम्म्याला थोडं कमी गाव मंगळाचं निघायला हवं, हे गणित प्रत्येक घरात एखाद्या चौकस पोरानं मांडलेलं असे. त्याला "फार शहाणा झालास" एवढंच उत्तर मिळे. थोरल्या बहिणीचं, धाकट्या आत्याचं लग्न या तांबड्या ग्रहापायी दोन-दोन वर्षं अडलेलं आम्ही पाहिलं. मंगळाशी आमचं पहिलं नातं हे असं, अडवणाऱ्याचं होतं.

वर्तमानपत्रातला मंगळ मात्र जायची जागा होती.

२१ जुलै १९६९ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी साडेआठच्या सुमारास नील आर्मस्ट्राँगनं चंद्रावर पाय ठेवला. वार सोमवार, शाळेचा. मुंबईला दूरदर्शन यायला अजून तीन वर्षं होती. घरात होता तो रेडिओ, वर भरतकामाचा रुमाल टाकलेला, आणि त्याला हात लावायची मुभा फक्त वडलांना. त्याच ऑक्टोबरात अपोलो ११ चे तिघेही अंतराळवीर मुंबईत येऊन गेले. ज्यांचे काका मुंबईला होते, ती मुलं पुढे कित्येक महिने वर्गात मान ताठ करून बसत होती, जणू काकाच चंद्रावर जाऊन आले होते.

चंद्र झाला, आता मंगळ, असं मोठी माणसं म्हणू लागली, आणि ते निव्वळ ओट्यावरचं बोलणं नव्हतं. अपोलोचं प्रचंड रॉकेट उभारणाऱ्या वेर्नर फॉन ब्राउननं ऑगस्ट १९६९ मध्येच आराखडा मांडला होता: नोव्हेंबर १९८१ मध्ये निघायचं आणि १९८२ मध्ये मंगळावर उतरायचं. आम्ही बोटं मोजून पाहिली. ८२ साली आम्ही कॉलेजात असणार होतो.

तोवर वाचायचं. 'किशोर' मासिक १९७१ मध्ये सुरू झालं. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचनालयात रांग लावून मिळे. मग जयंत नारळीकर आले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून, 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावानं 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. पुढे 'यक्षांची देणगी' घरोघरी पोचलं. विज्ञानकथेतली माणसं आपल्यासारखी मराठी बोलतात, हे आमच्यासाठी नवं होतं.

२० जुलै १९७६ ला व्हायकिंग-१ मंगळावर उतरलं. देशात आणीबाणी होती. पुष्कळ बातम्यांना कात्री लागत होती, पण मंगळाच्या बातमीला कात्री लावायचं कुणाला कारण नव्हतं, त्यामुळे ती अख्खी छापून आली. सोबत फोटो: दगड, वाळू आणि रिकामं क्षितिज. आजोबांनी चष्मा कपाळावर चढवून, अंक डोळ्यांजवळ धरून तो पुष्कळ वेळ पाहिला आणि विचारलं, "एवढ्या लांब जाऊन दगडच दिसले?" प्रश्न चुकीचा नव्हता. खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेलनं रंगवलेली कालव्यांची मंगळनगरी १९६५ च्या जुलैतच मोडली होती. मरिनर-४ नं जवळून काढलेल्या पहिल्या छायाचित्रांत कालवे नव्हते, विवरं होती. व्हायकिंगनं मातीत जीव शोधायचे प्रयोग केले, त्यांतूनही ठाम पुरावा हाती आला नाही. पण यंत्र तिथे पोचलं होतं, उभं होतं आणि तिथली हवा मोजून कळवत होतं. त्या हवेच्या मोजमापाची गोष्ट पुढे येतेच.

१९७९ चा जुलै आमच्या पिढीतला कुणी विसरलेला नाही. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब पडणार होती. ७७ टनांचं लोखंड नेमकं कुणाच्या डोक्यावर, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शाळेतली उपस्थिती रोडावली. शेजारच्या काकू देवापुढचा दिवा विझू देत नव्हत्या. कुणी म्हणे उधारी मागू नका, राहिलंय काय आता. कुणी म्हणे आहे ते खाऊन घ्या. बऱ्याच घरांत त्या आठवड्यात खरोखरच पुरणपोळ्या झाल्या. ११ जुलैला स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात विखुरली, आणि दुसऱ्या दिवशी वाण्यानं उधारीची वही पुन्हा बाहेर काढली.

त्या भीतीच्या गडबडीत एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही. त्या लोखंडात माणसं राहून गेली होती. १९७३-७४ मध्ये तिघातिघांच्या तीन तुकड्या तिथे राहिल्या आणि शेवटच्या तुकडीनं ८४ दिवस काढले. या शेवटच्या तिघांचे कामाच्या भारावरून जमिनीवरच्या मंडळींशी खटकेही उडाले. अखेर डिसेंबर १९७३ मध्ये दोन्ही बाजूंनी मोकळेपणानं बोलून वेळापत्रक सैल करून घेतलं, तेव्हा कामाची गाडी रुळावर आली. मंगळाच्या प्रवासात काय जड जाणार आहे, त्याची चुणूक तेव्हाच मिळाली होती. आम्ही वर बघत होतो ते छप्पर वाचावं म्हणून.

१९८२ साल आलं. कॉलेज आलं, एशियाड आलं, रंगीत टीव्ही आला. मंगळावर कुणी गेलं नाही. अमेरिकेनं पैसे आवरते घेतले होते आणि लांब जाण्याऐवजी पृथ्वीभोवती फिरणारी शटल बांधली होती.

पण ३ एप्रिल १९८४ ला राकेश शर्मा गेले. सोव्हिएत सोयूझ टी-११ मधून सॅल्यूट-७ या अंतराळ स्थानकावर, जवळपास आठ दिवस. ज्या घरात टीव्ही होता तिथे दारातल्या चपला मोजायच्या पलीकडे होत्या. इंदिरा गांधींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो, आणि त्यांनी इक्बालांची ओळ म्हणून दाखवली, तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टीव्हीला टाळ्या ऐकू जात नाहीत हे ठाऊक असूनही. म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेनं त्यांच्याबरोबर शिरा, छोले, पुलाव असं खाणं दिलं होतं. "शिरा नेला होता!" ही बातमी आयांनी रॉकेटपेक्षा जास्त दिवस सांगितली.

आनंदाच्या पाठोपाठ धक्केही आले. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर उड्डाणानंतर सव्वा मिनिटाच्या आत फुटलं. सातजण गेले, त्यात एक शाळेतली शिक्षिका होती. त्याच दशकात दूरदर्शनवर कार्ल सेगनची 'कॉसमॉस' लागली. इंग्रजी निम्मं कळत नसतानाही घरातली तीन वयं एका चटईवर बसून ती बघत. मुंबईत नेहरू तारांगण १९७७ पासूनच होतं. गावाकडून आलेल्या पाहुण्यांना राणीची बाग, हँगिंग गार्डन आणि तारांगण हा ठरलेला फेरफटका. पुढे १ फेब्रुवारी २००३ ला, शनिवारी संध्याकाळी, कोलंबिया परतीच्या वाटेवर तुटलं आणि कल्पना चावला गेली. तोवर आम्ही स्वतः आईबाप झालो होतो. पोरीनं विचारलं, "इतक्या जवळ येऊन कशी गेली?" तेव्हा उष्णतारोधक आवरणाला उड्डाणाच्या वेळी बसलेला फटका आम्हाला ठाऊक नव्हता. तो तपासात कळला. उतरणं हा प्रवासाचा भाग आहे, तोही जीवघेणा, हे मात्र त्या संध्याकाळी घराघरात समजलं.

या सगळ्याच्या मध्ये कुठेतरी लोणारची सहल आहे. एसटीची लाल गाडी, डब्यात दशम्या आणि तिळाची चटणी, आणि बुलढाण्यातलं ते विवर: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, अशनीच्या आघातानं बेसॉल्ट खडकात पडलेलं. गुरुजी पुराणातल्या लवणासुराची गोष्ट सांगत आणि मग, आवाज थोडा बदलून, अशनीचीही. बेसॉल्टमध्ये पडलेली आणि इतकी टिकून राहिलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. मंगळाच्या पृष्ठभागाचा बराच भाग बेसॉल्टचाच आहे, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ लोणारला येतात. ज्या काळ्या दगडावर आम्ही डबे उघडले, त्याची चर्चा मंगळाच्या संदर्भात चालते हे आम्हाला तेव्हा कळलं असतं, तर चिंचेची झाडं सोडून थोडं दगडांकडेही पाहिलं असतं.

मंगळाचा खराखुरा तुकडाही भारतात पडलेला आहे. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये गयेजवळ शेरघाटी इथे एक अशनी पडला. त्याच्यावरून अशा दगडांच्या एका गटाला 'शेरगोटाइट' असं नाव मिळालं. हे दगड मंगळावरचे, हे सिद्ध व्हायला ऐंशीचं दशक उजाडलं. या गटातल्या, अंटार्क्टिकावर सापडलेल्या एका दगडात अडकून राहिलेला वायू व्हायकिंगनं मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. आजोबांना दगडच दिसले होते. उत्तर त्या दगडांभोवतीच्या हवेत होतं.

२७ ऑगस्ट २००३ ला मंगळ सुमारे ५.५८ कोटी किलोमीटरवर आला. जवळपास साठ हजार वर्षांत इतका जवळ आला नव्हता. आम्ही मुलांना घेऊन बाहेर उभे राहिलो. वर श्रावणाचे ढग. मंगळापेक्षा अधिक टिकून राहिला तो निरोप: 'आज रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र!' आधी ई-मेलवर, मग मोबाइलवर, मग व्हॉट्सॲपवर, दर ऑगस्टला नेमानं. पूर्वी पंचांगवाले घाबरवत, आता घरचेच भाचे घाबरवू लागले, एवढाच फरक. पंचांगाचीही परीक्षा याच काळात झाली. नारळीकरांनी नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह ज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना दिल्या आणि कुठली कुणाची ते ओळखायला सांगितलं. नाणं उडवून जितकी उत्तरं बरोबर यावीत, त्याहून जास्त आली नाहीत.

आणि मग मंगळयान. ५ नोव्हेंबर २०१३, दुपारी २ वाजून ३८ मिनिटं. त्या दिवशी भाऊबीज होती. घराघरात बहीण-भाऊ जमलेले, जेवणं झालेली, ओवाळणीची पाकिटं अजून हातातच. श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही उठलं. वार कोणता, हे आत्याच्या लक्षात आलं. "मंगळवारी कुणी लांबच्या प्रवासाला निघतं का?" "मंगळाकडेच निघालंय आत्या, मंगळवारीच निघणार," असं कुणीतरी म्हणालं आणि आत्याही हसली. तीच आत्या, जिचं लग्न मंगळापायी अडलं होतं.

पोचलं ते २४ सप्टेंबर २०१४ च्या सकाळी. पितृपक्ष, त्यात अमावास्या. दाराला तोरण बांधायचा दिवस नव्हे. इंजिन सुमारे २४ मिनिटं चाललं, यान मंगळाच्या मागे गेलं, संदेश तुटला, पुन्हा जुळला, आणि बेंगळुरूत टाळ्या पडल्या. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोचणारा भारत पहिला देश ठरला. खर्च सुमारे ४५० कोटी रुपये. गजरे माळलेल्या, रेशमी साड्या नेसलेल्या इस्रोतल्या बायकांचा फोटो दुसऱ्या दिवशी जगभर छापून आला. मोहिमेच्या संचालनात रितू करिधाल आणि नंदिनी हरिनाथ होत्या. सहा महिन्यांसाठी बांधलेलं यान जवळपास आठ वर्षं चाललं. १९७५ च्या आर्यभट्ट उपग्रहाचं चित्र आमच्या दोन रुपयांच्या नोटेवर होतं. मंगळयान दोन हजारांच्या नोटेवर आलं. आज दोन्ही नोटा खिशात नाहीत, पण एका पिढीच्या हातून दोन्ही खर्च झाल्या.

मग घरातली लहान माणसं विचारू लागली: यान गेलं, माणूस कधी?

खरं तर १९८२ नंतरही तारखा येतच राहिल्या होत्या. २० जुलै १९८९ ला, चंद्रावर उतरल्याच्या विसाव्या वाढदिवशी, थोरल्या बुशनी मंगळाची घोषणा केली आणि पुढच्या वर्षी मुदत दिली २०१९ ची. २०१० मध्ये ओबामांनी २०३० च्या दशकाचा मध्य सांगितला. नेदरलँड्समधल्या 'मार्स वन'नं २०१२ मध्ये परतीचं तिकीट नसलेला प्रवास जाहीर केला. आपल्याकडच्याही पुष्कळ पोरांनी अर्ज भरले, आयांनी जेवणं सोडली, आणि २०१९ मध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं. यंत्रांचं मात्र बरं चाललं होतं. पर्सिव्हरन्स गाडीबरोबर १ कोटी ९ लाखांहून जास्त लोकांची नावं गेली. नातवंडांनी आजी-आजोबांच्या नावानं बोर्डिंग पास छापून फ्रिजवर चिकटवले. १८ फेब्रुवारी २०२१ ला, आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेल्यावर, ती गाडी उतरत असताना प्रत्येक टप्पा सांगणाऱ्या स्वाती मोहन यांच्या कपाळावरची टिकली आमच्या बायकांनी सर्वांत आधी टिपली.

यंत्र जातं आणि माणूस का जात नाही, याचं उत्तर आमच्या पिढीला समजावून सांगावं लागू नये. आम्ही दोन खोल्यांत नऊ माणसांनी वाढलेले. मंगळाचा प्रवास म्हणजे तसाच दोन खोल्यांचा संसार, पण दाराला बाहेरून कडी लावलेला.

हिशेब असा. मंगळ आणि पृथ्वी सोयीच्या जागी येतात दर २६ महिन्यांनी. जायला सहा ते नऊ महिने. पोचल्यावर परतीची संधी यायला सुमारे दीड वर्ष थांबायचं. पुन्हा तेवढाच प्रवास. म्हणजे चार-सहा माणसांनी अडीच-तीन वर्षं एकमेकांची तोंडं बघत काढायची. आमच्याकडे भांडण झालं की कुणीतरी चपला घालून कट्ट्यावर जाई आणि तासाभरानं भूक लागली की परत येई. तिथे कट्टा नाही. मॉस्कोत २०१०-११ मध्ये सहाजणांना ५२० दिवस बंद ठेवून 'मार्स-५००' हा प्रयोग झाला. दिवस गेले तसतशी त्यांची हालचाल मंदावत गेली, काहींचं झोपेचं चक्र बिघडलं. ह्यूस्टनमध्ये जून २०२३ पासून चौघांनी थ्री-डी छपाईनं बांधलेल्या १५८ चौरस मीटरच्या घरात ३७८ दिवस काढले, भाज्या पिकवल्या, बाहेरच्यांशी मुद्दाम उशिरा पोचणाऱ्या निरोपांनी बोलले. कारण मंगळावरून 'हॅलो' म्हटलं तर ते पृथ्वीवर पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, आणि उत्तर यायला पुन्हा तेवढीच.

पाण्याचं तर आम्हाला सांगूच नये. पहाटे चारला नळ येई आणि हंडे भरले नाहीत तर दिवस गेला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गाळून ९८ टक्के पाणी परत वापरता येऊ लागलंय. हे २०२३ मध्ये साधलं. पण तिथे पंप बिघडला तर सुटे भाग घेऊन पुढचं यान येतं. मंगळाच्या वाटेवर कोण येणार? अन्नही सगळं बरोबर न्यायचं किंवा आधी पाठवून ठेवायचं, आणि वर्षानुवर्षं साठवलेल्या अन्नातली काही जीवनसत्त्वं हळूहळू कमी होत जातात. आमच्या आया वर्षाचं धान्य भरत, ऊन दाखवत, कडुनिंबाचा पाला घालत. तीन वर्षांचं भरायचं म्हटल्यावर त्यांनीही हात टेकले असते.

आजारपण. आमच्याकडे खालच्या मजल्यावर डॉक्टर होते, नाहीतर ओवा आणि शेक. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिड रोगोझोव्ह या एकुलत्या एका डॉक्टरला अपेंडिक्सचा त्रास उठला. त्यानं स्वतःच स्वतःचं ऑपरेशन केलं आणि तो वाचला. मंगळावर जाणाऱ्यांपुढे तोच प्रश्न आहे, फक्त इथे शरीर आधीच अशक्त झालेलं असेल. वजनरहित अवस्थेत नितंब आणि कण्याची हाडं महिन्याला एक ते दीड टक्का झिजतात. म्हणून स्थानकातली माणसं रोज दोनेक तास व्यायाम करतात, तरी काहींच्या नजरेवर परिणाम होतोच. त्यावर वैश्विक किरणांचा मारा. क्युरिऑसिटी गाडीनं जाताना मोजलेल्या किरणोत्सर्गावरून नुसत्या जाण्यायेण्यात माणसाला सुमारे ६६० मिलिसीव्हर्ट मात्रा बसेल. नासानं अंतराळवीराच्या साऱ्या कारकिर्दीसाठी ठरवलेली मर्यादा ६०० आहे. आपल्याला जमिनीवर निसर्गातून वर्षाला सरासरी २.४ मिळते.

आणि हे सगळं सोसून उतरायचं कसं? मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहून विरळ. पॅराशूटला पुरेशी धरत नाही, पण यान तापवायला पुरते. आजवर तिथे उतरवलेली सर्वांत जड गाडी पर्सिव्हरन्स, १,०२५ किलोंची. माणसांसाठी निदान वीस टन उतरवावे लागतील. परतीच्या इंधनासाठी लागणारा प्राणवायू तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून काढायची आशा आहे. त्यासाठी पर्सिव्हरन्सवर बसवलेल्या 'मॉक्सी' यंत्रानं २०२१ ते २०२३ मध्ये १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम प्राणवायू काढला. एका माणसाला दिवसाला आठशे ग्रॅमहून जास्त लागतो. मातीत परक्लोरेट हे थायरॉइडला घातक क्षार आहेत. तिथे वांगी लावायची तर आधी माती धुवावी लागेल, आणि धुवायला पाणी लागेल.

म्हणजे १९७६ पासून यंत्र पोचतंय, कारण यंत्राला जेवण, झोप, भांडण आणि घरची आठवण नाही. माणूस जायचा तर त्याच्याबरोबर अख्खं घर जायला हवं. फॉन ब्राउनच्या आराखड्यात रॉकेटचा हिशेब चोख होता. घराचा हिशेब त्याला मांडता आला नाही, कारण तो तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हता. गेल्या पन्नास वर्षांत स्कायलॅबपासून आजच्या स्थानकापर्यंत माणसांनी जे शिकून घेतलं, ते बरंचसं घर चालवायचं शास्त्र आहे. तेच अजून पुरं झालेलं नाही.

त्या शास्त्रात आपलाही हात लागला. जून २०२५ मध्ये, राकेश शर्मांनंतर ४१ वर्षांनी, शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकात गेले. सोबत गाजर हलवा, मूगडाळीचा हलवा आणि आमरस होता. स्थानकात राहिले ते अठरा दिवस, आणि त्या दिवसांत त्यांनी मेथी आणि मुगाला मोड आणून दाखवले. आमच्या बायकांनी ही बातमी वाचली आणि म्हणाल्या, "हे तर आम्ही रोज करतो." बरोबर आहे. पण वजनरहित अवस्थेत मूळ कुठल्या दिशेला जातं, तिथे पिकलेलं बी पुढे रुजतं का, हे पाहिल्याशिवाय तीन वर्षांच्या संसाराला ताजी भाजी मिळणार नाही. त्याच वर्षी २० मे ला नारळीकर गेले. मोडांची बातमी त्यांना वाचायला मिळायला हवी होती.

तेव्हा नातवंडांनी "माणूस मंगळावर कधी जाणार?" असं विचारलं, तर आमच्या पिढीनं त्यांना तारीख देऊ नये. आम्हाला दिलेल्या बहुतेक तारखा उलटून गेल्या. त्याऐवजी हाडं, किरण, पाणी, अन्न, उतरणं आणि एकत्र राहणं हे सहा प्रश्न सांगावेत आणि यातला एक तू घे म्हणावं. आणि लग्नाच्या वेळी त्यांच्या पत्रिकेतला मंगळ पाहू नये. तेवढं आपल्या हातात आहे.

सप्टेंबर २०३५ मध्ये मंगळ पुन्हा खूप जवळ येईल, सुमारे ५.७ कोटी किलोमीटरवर. आमच्यातले बरेचजण तेव्हा सत्तरीच्या आसपास असतील. पावसाचे दिवस असतील, पण ढग फाटले तर पोरांना तो दाखवा. दुर्बीण नसली तरी दिसेल, ठळक आणि तांबूस. आणि त्या आठवड्यात 'आज दोन चंद्र दिसणार' असा निरोप आला, तर कृपा करून पुढे पाठवू नका.